ताईचे काळे बूट

१२ जून

ती. आईस,

सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला म्हणून माझे कान मीच पकडते, तेवढंच तुझं काम वाचेल.

नव्या नाटकाच्या कपड्यांचं काम माझ्याकडे आलंय. त्यातली एक बाई मेल्यावरही घरात वावरत असते आणि तिची चाहूल कुणाला लागता कामा नये. कपडे, केस, दागिने सगळं ठरलं, पण बुटांवर दिग्दर्शकाचं घोडं अडलं. फॅशनची जुनी मासिकं चाळली, बाजार पालथा घातला, साहेबांना काही पटेना. परवा माझ्या टेबलासमोरच्या फळ्यावर टोचलेला ताईचा फोटो त्यांनी पाहिला आणि म्हणाले, हेच हवेत. काळे, पट्ट्याचे, मधे बारीक होणाऱ्या टाचेचे.

आमच्याकडे बूट शिवणारे काका आहेत, त्यांना नमुना लागेल. पाठवशील? नाही म्हणालीस तरी राग येणार नाही, उलट बरंच वाटेल. पाठवलेस तर खोकं सोडू नकोस, बांधलंय तसंच पाठव. गोळ्या वेळेवर घे, लांबून माझं लक्ष असतं.

आहे तो लोभ कमी करू नकोस.

तुझी खारू

२० जून

चि. खारूस,

अ. उ. आ. पार्सल आजच पाठवलं. ताईच्या बुटांवर लहानपणापासून डोळा होता तुझा, आता राजरोस मिळाले. खोकं सोडलं नाही. हॉस्पिटलातून तिच्या वस्तूंची पिशवी मिळाली तेव्हा डोळे मिटून बूट खोक्यात टाकले आणि दोरी बांधली. नऊ वर्षांत हात लावला नाही.

लिहू नये, पण लिहिते. ताई कामावर निघाली की जिन्यातली तिच्या टाचांची टकटक सगळ्या मजल्यांना ऐकू जायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, हळू जा गं. त्या सकाळी मला काहीच ऐकू आलं नाही. कुठल्या तंद्रीत होते कोण जाणे. आवाज ऐकला असता, तर तो मधेच थांबल्याबरोबर धावले असते. पोर जिन्याखाली तासभर पडून राहिली. डॉक्टर म्हणालेच होते, थोडं आधी आणलं असतं तर. अजून रोज त्या वेळेला मी दाराला कान लावून उभी राहते. शेजारीण हसते, हसू दे.

तू याचा विचार करत बसू नकोस, पोटभर जेवत जा. पत्र पाठव, माया आहेच.

तुझी आई

४ जुलै

ती. आईस,

सा. न. या वेळी नुसता लिहायचा म्हणून नाही, खरोखर पाय धरून.

नवे बूट तयार झाले. रंगमंचाच्या फळ्यांवर टाचा वाजू नयेत म्हणून आम्ही तळाला फेल्टचं जाड लोकरी कापड चिकटवतो, तसं मी चिकटवलं. तालमीत नटी सेटवरचा जिना उतरू लागली आणि टकटक ऐकू आली. दिग्दर्शक माझ्यावर डाफरले. काकांनी बूट उलटे करून सगळ्यांना दाखवले, तळ अगदी मऊ. मग तिला अनवाणी उतरवलं. तरी टकटक. वरच्या दोन पायऱ्या वाजतात, तिसरीवर आवाज थांबतो. ताईही तिसरीवरूनच पडली होती, तिची पर्स तिथेच सापडली होती. बाकीचे म्हणतात फळ्या सैल असतील, पण सुतार तपासून गेला. मला फार भीती वाटते, आई.

नमुन्यासाठी खोकं उघडलं, तेव्हाच तळ पाहिला. ताईच्या बुटांनाही फेल्ट आहे. ते मीच लावलेलं. त्याच आठवड्यात कॉलेजात शिकवलं होतं. तिच्या टकटकीने माझा अभ्यास होत नव्हता, म्हणून आदल्या दुपारी तिला न सांगता चिकटवलं. गंमत करायची होती. गुळगुळीत जिन्यावर फेल्ट घसरतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझे कान शाबूत होते, आई. त्या सकाळी ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

तू स्वतःला दोष देतेस हे मला माहीत नव्हतं. असतं तर आधी सांगितलं असतं, असंही म्हणवत नाही. लोभ मागायला तोंड नाही.

खारू

१५ जुलै

चि. खारूस,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्या कानांचा दोष नव्हता. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मग तुझा राग आला, तो अजून आहे. तू लहान होतीस, तुला काय कळत होतं, असं स्वतःला समजावून पाहिलं. डोक्याला पटतं, पोटाला पटत नाही.

आज सकाळी दाराशी गेले नाही. तेवढ्या वेळात काय करायचं ते सुचेना, म्हणून धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

तालमीतला तो आवाज बंद करायच्या मागे लागू नका. मी शनिवारच्या गाडीने येते. घ्यायला ये. मी बोलले नाही तरी हातातली पिशवी घे आणि पुढे चाल.

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं होतं, पण लिहवला नाही. तुझ्या डोक्यावर हात ठेवून तरी देता येतो का, ते बघायला येतेय.

आई