काटा येईना

शुक्र., २ जाने.
तांबेकाकू आल्या होत्या. सून नवी, मराठी नाही, पहिली संक्रांत, काळ्या साडीवर हलव्याचे दागिने हवेत. मुकुट, नथ, मंगळसूत्र, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं. मी प्रत्येकाला "होईल" म्हणत गेले. जिभेला हाड नाही माझ्या. गेल्या वर्षी भर हळदीकुंकवात एकीच्या गळ्यातला माझा हार तुटून मणी सतरंजीभर झाले. त्यानंतर आमच्या फ्रीगंज भागात कुणी विचारलं नाही. यंदाची ही एकच ऑर्डर. ही बिघडली तर संपलंच. शाळेच्या ऑफिसातली नोकरी तिथल्या मॅडमनी १४ पर्यंत माझ्यासाठी धरून ठेवली आहे. शिरीषचं, म्हणजे नवऱ्याचं, मत ठरलेलं: शाळा धर, हे हौस म्हणून कर. हौस म्हणे.

रवि., ४
पहाटेपासून परात. मंद आच, साबुदाणा, चमचाभर पाक, बोटांनी फिरवत राहायचं. चार तास. मणी पांढरे झाले, पण वर बारीक टोकांचा काटा नाही. आभाळ भरून आलंय. दमट हवेत काटा येत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सोम., ५
धीर सुटला. चमच्याऐवजी वाटीनं पाक ओतला. सगळ्याचा एक गोळा. परातीसमोर बसून रडले. विनीनं (नववीत आहे, अक्कल बापाची) गोळा बत्त्यानं फोडून खाल्ला. म्हणाली, छान लागतोय. हसू की मारू.

मंगळ., ६
देवासला मावशीला फोन. तिनंच शिकवलं होतं. किती दागिने घेतलेस, विचारलं. सांगितलं. मग म्हणाली, "सगळा सेट डोळ्यांपुढे आणूच नको. आज फक्त मंगळसूत्राचे मणी. एक चमचा टाक, तो वाळू दे, मग दुसरा. तिसऱ्याचा विचार करायचा नाही." राग आला. माझ्याकडे आठवडा आहे बाई, आणि तू चमचे मोजायला सांगतेस. फोन ठेवून तेच केलं.

बुध., ७
फक्त मंगळसूत्र. मणी मूठभर. बोटांची टोकं भाजलीत, पेन धरवत नाही.

गुरु., ८
ऊन पडलं. अकराच्या सुमारास बोटांना टोचलं. काटा! बारीक, पण आहे. विनीला हाक मारून दाखवला. मंगळसूत्र ओवून झालं. दोरा दुहेरी. ओढून बघितला, परत ओढून बघितला.

शुक्र., ९
नथ झाली. बांगड्या अर्ध्या. हार, मुकुट, कंबरपट्टा यांना हात लावलेला नाही. टावर चौकात जाऊन तयार हलव्याची दोन पाकिटं आणली. पुण्याचा माल. एकसारखा, पांढराशुभ्र. तासाभरात कंबरपट्टा ओवून तयार. माझ्यापेक्षा देखणा. हेच सहन होईना.

शनि., १०
शिरीष म्हणतो, कुणाला काय कळणार. खरंय, कळणार नाही. तांबेकाकू चारचौघींत सांगतील, सगळं घरी केलंय हो हिनं. आणि मी मान खाली घालून तिळगूळ खाणार. दिवसभर काही केलं नाही. कामाला हात लावायचीच भीती वाटते.

रवि., ११
कंबरपट्टा उसवला. काकूंना फोन केला. म्हटलं, सगळं नाही होणार. मंगळसूत्र, नथ, बांगड्या, एवढंच माझ्या हातचं देते. काकू म्हणाल्या, "अगं, आधी बोलायचं ना. व्याह्यांकडचे इंदौरहून येऊन राहिलेत, त्यांनी हे कधी बघितलेलंच नाही. आता मी ऐनवेळी कुठे भटकू?" सॉरी म्हटलं. सॉरीनं मुकुट होत नाही.

सोम., १२
बांगड्या. एक चमचा, वाळू दे. एक चमचा. दुसरी बांगडी संध्याकाळी पुरी. इतकी वर्षं करतेय, पण एवढा चांगला काटा कधी आला नव्हता. आणि हे कुणाला सांगू?

मंगळ., १३
देऊन आले. काकूंनी बांगडी तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली, खाली ठेवली. बाकीचं बाजारातून आणलंय, टेबलावर मांडलेलं होतं. त्या झगमगाटाशेजारी माझे चार नग अगदीच गरीब दिसत होते. सून मात्र नथ नाकाशी धरून आरशात बघत होती. "ये चुभती है," म्हणाली. टोचते म्हणे; कौतुक की तक्रार, कळलं नाही.
निघताना काकू म्हणाल्या, उद्या पाचला हळदीकुंकू, ये नक्की, सगळ्या आहेत.
शाळेच्या मॅडमचा मेसेज: उद्या बारापर्यंत कळवा, नंतर दुसरीला घेतो.
बारा आधी येतात, पाच नंतर; बायका माझ्या दागिन्यांना काय म्हणतात ते कळायच्या आधीच उत्तर द्यायचं. शिरीषनं विचारलं, काय सांगणार? म्हटलं, सकाळी बघते. जाग आली की आधी चहा ठेवीन. त्याच्या पुढचं मला खरंच माहीत नाही.