गीझर दुरुस्ती यांचा प्रश्न

दि. १७, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला हल्ली गुडघा साथ देत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे. वहिनीलाही सांग. तिचा खांदा दुखत होता, तो आता बरा असेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच बोलायला लागतोस आणि मी "बरं" म्हणून ठेवून देते. लहानपणापासूनची सवय आहे, तुलाही आणि मलाही. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र.

इकडे सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात नवीन फ्रेमांचा माल आलाय, दिवसभर डबे उघडायचे आणि चिठ्ठ्या डकवायच्या. मालक अजूनही स्वतः चष्मा लावत नाहीत, बिल हात लांब करून वाचतात. गिऱ्हाईक बघतं, मी बघते, बोलत कुणीच नाही. तुझ्या मेहुण्यांचं काम जोरात आहे. थंडी पडली की लोकांना आपला गीझर आठवतो. माझा फोन मध्यंतरी पाण्याच्या बादलीत पडला, तेव्हापासून आम्हा दोघांत त्यांचाच एक चालू आहे. तो त्यांनी धंद्यासाठी घेतलेला, म्हणून त्यात सगळीकडे नाव "गीझर दुरुस्ती" असंच टाकलेलं. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल.

आणखी एक बातमी. मी शाळेत जायला लागले आहे म्हण ना! वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी लिहिणाऱ्यांसाठी ऑनलाइन व्याख्यानं सुरू केलीत. मोफत. रविवारी दुपारी फोन उघडायचा आणि ऐकायचं. फुकट आहे म्हटल्यावर मी आधी नाकच मुरडलं होतं, पण बाई भलती खमकी आहे. वक्ता कितीही मोठा असो, विषय सोडून स्वतःच्या सत्कारांवर गेला की म्हणते, "सर, हस्तलिखित पाठवायचं कसं, ते राहिलं."

खूप कळलं रे. एका संपादकांनी सांगितलं की प्रकाशकाला आख्खं बाड पाठवून वाट बघत बसू नये. आधी पुस्तक कशाबद्दल आहे ते एका पानात सांगावं, आणि ते एक पान जमत नसेल तर पुस्तक अजून आपल्यालाच कळलेलं नाही. मी ते पान लिहायला बसले आणि रडकुंडीला आले. मुद्रितं तपासणाऱ्या एक काकू आल्या होत्या. एक वकीलबाई आल्या, त्यांनी करार कसा वाचायचा ते ओळ न् ओळ समजावलं. आपल्यासारख्या माणसाला वाटतं, पुस्तक छापणं म्हणजे कुणीतरी वरून हात धरून नेणार. तसं काही नसतं. पत्ता असतो, नियम असतात, आणि नकार आला तर तो आला म्हणून चहा पिऊन दुसरीकडे पाठवायचं असतं. हे मला या वयात एका मोडक्या स्टुलावर बसून कळलं, आणि तू इतकी वर्षं या धंद्यात असून एकदाही सांगितलं नाहीस. असो.

त्या वकीलबाईंना मी एक विचारलं होतं. माझ्या आयुष्यात घडलेली गोष्ट दुसऱ्या कुणी आधीच लिहून टाकली असेल, तर मी लिहायची नाही का? त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही तिथे होता ना? मग तुम्हाला कोण अडवणार?"

आता मागच्या रविवारचं सांगते. मघापासून इकडचं तिकडचं लिहितेय, कारण हात तिकडे वळत नाहीये.

मागच्या रविवारचा वक्ता तू होतास.

मला माहीत होतं. ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं होतं, तुझा तो हनुवटीला हात लावलेला फोटोही टाकला होता. तुला कळवावं असं वाटलं, मग वाटलं, नको. आपला भाऊ परक्या लोकांशी कसं बोलतो ते एकदा गुपचूप ऐकावं. खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटत होता. दुकान बंद होतं तरी मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि मागच्या खोलीत, भिंगांच्या खणांपाशी, फोनचा कॅमेरा बंद ठेवून बसले. घरी हे झोपलेले असतात आणि घोरतात.

छान बोललास. तुझ्यामागची पुस्तकांची भिंतही छान दिसत होती. आईवरच्या तुझ्या पुस्तकाबद्दल कुणीतरी विचारलं, आणि तू चष्मा काढलास. चष्मा काढलास की काय येणार ते मला कळतं. तू म्हणालास, "शेवटच्या दिवसांत मी तिला भरवायचो. एकदा तिनं घास बाजूला सारला आणि मला म्हणाली, मला भूक नाही, पण तू उठू नकोस."

दादा, ते ती मला म्हणाली होती.

स्वयंपाकघराच्या दारातल्या खाटेवर, पेज निवत आली होती, वाटी माझ्या हातात होती. त्या संध्याकाळी तुझा फोन आला, "आज काय म्हणाली गं?" आणि मी सांगितलं. तू रोज विचारायचास. मला वाटायचं, लांब आहे बिचारा, जीव तुटतो त्याचा. म्हणून मी काही म्हणजे काही गाळायची नाही. तिच्या पाठीच्या जखमा, ती मला कधीकधी स्वतःची बहीण समजायची ते, न्हाऊ घालताना लाजायची ते. सगळं तुला पोचवलं. ते तुझ्या पुस्तकात आलं, आणि त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. लोक रडले, बरं वाटलं. आपलीच आई ती.

पण त्या पुस्तकात तुला बहीण नाही. तू एकुलता एक आहेस. न्हाऊ घालणारा तू, कूस बदलणारा तू. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढच्या प्रकरणात येईन, पुढच्या प्रकरणात येईन, असं करत शेवटचं पान आलं. विचारलं तेव्हा म्हणालास, "कादंबरीत पात्रं कमी करावी लागतात." मी म्हटलं, बरं.

मग मी माझं लिहिलं. तुझ्यावर कुरघोडी करायला नाही, खरंच नाही. ती गेल्यावर माझ्या हातांना काही काम उरलं नव्हतं. तुला वाचायला पाठवलं तर तू फोन केलास, आणि लिखाणाबद्दल एक वाक्यही न बोलता म्हणालास, "एकाच आईवर दोन पुस्तकं कशाला? लोक ताडून बघतील. माझी नवी आवृत्ती यायचीय. मुलांसाठी गोष्टी लिही, मी छापून आणतो. हे एवढं मात्र नको. विचार करून कळव."

त्याला काही महिने झाले. मी जवळजवळ मान्य केलं होतं. बाड कपाटात, चादरींच्या खाली गेलं होतं. हे म्हणाले, "जाऊ दे, भाऊ आहे." मीही म्हटलं, जाऊ दे.

पण त्या दिवशी "मला म्हणाली" ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायची सोय नव्हती, सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवलेले असतात. प्रश्न लिहून पाठवायचे, ग्रंथपालबाई वाचून दाखवतात. मी लिहिलं. बाईंनी वाचलं, अगदी निर्विकार चेहऱ्यानं: "गीझर दुरुस्ती विचारतात, मी आमच्या घरातल्या आजारपणावर पुस्तक लिहिलं आहे. घरातलंच एक वडीलधारं माणूस म्हणतं, छापू नकोस, माझी अडचण होईल. काय करावं?"

तू हसलास. "गीझर दुरुस्ती" वर सगळेच हसले. मग पुढे वाकलास आणि म्हणालास, मला तोंडपाठ आहे: "छापा. बेधडक छापा. घरच्यांना विचारून लिहिलेलं पुस्तक आमंत्रणपत्रिकेसारखं होतं, नावं सगळ्यांची आणि आत काही नाही. ज्याला अडचण होते, त्याची अडचण हा तुमचा प्रश्न नाही. मी कुणाला विचारलं असतं, तर माझं पुस्तक झालंच नसतं."

टाळ्यांची चित्रं फोनभर नाचायला लागली. मीही एक पाठवली.

सल्ला खरा होता रे. मला वाईट याचंच वाटलं. तुला हे सगळं पक्कं माहीत आहे, तू ते अनोळखी माणसाला हसत हसत, फुकट देतोस, आणि मला सांगतोस मुलांसाठी गोष्टी लिही. त्या मागच्या खोलीत मी रडले. मग तोंड धुतलं, घरी आले, चादरी काढल्या. यांनी विचारलं, "काय शोधतेस?" म्हटलं, "दादानं परवानगी दिली." ते म्हणाले, "अरे वा, कधी?" मी सगळं सांगितलं, तर हा माणूस पोट धरून हसला आणि स्वतः पाकीट आणायला गेला. त्या व्याख्यानातल्या एक कवयित्री नाव बघून खरंच गीझर दाखवायला फोन करून बसल्यात, त्यामुळे व्याख्यानमालेवर तेही आता खूश आहेत.

ते एक पान मी सोमवारी पाठवलं. तुझ्या प्रकाशकाकडे नाही, घाबरू नकोस. एका लहान प्रकाशनाकडे. एक बाई आणि तिचा मुलगा मिळून चालवतात. शुक्रवारी तिचा फोन आला. पान वाचून बाड मागवलंय. तिनं विचारलं, या विषयावर तुमच्याच आडनावाच्या लेखकाचं पुस्तक आहे, नात्यातले का? मी म्हटलं, सख्खा भाऊ. मग म्हणाली, त्यांची प्रस्तावना मिळेल का, खप वाढेल. मी म्हटलं, नको. खप नाही वाढला तरी चालेल.

ती घेईलच असं नाही. नाही घेतलं तर चहा पिऊन दुसरीकडे पाठवीन, मला आता पत्ते माहीत आहेत. पण कपाटात ते परत जाणार नाही. तू विचार करून कळव म्हणाला होतास, म्हणून कळवते आहे. मागत काही नाहीये.

तू चिडशील. चीड. वहिनी म्हणेल, इतकं केलं तिच्यासाठी. म्हणू दे. लोकांनी ताडून बघितलं तर बघू देत. तुझ्याविरुद्ध मी कुठे बोलायला जाणार नाही आणि कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

आणि एक सांगते, म्हणजे धास्तीनं झोप उडायला नको. माझ्या पुस्तकात तू आहेस. पात्रं कमी करणं मला जमलं नाही. फोनवर होतास तिथे फोनवर आहेस, रोज विचारणारा. आलास त्या दिवशी आलेला आहेस. तिनं तुला ओळखलं नाही आणि तू जिन्यात जाऊन बसलास, मी पाणी घेऊन आले, तेही आहे. तुझ्या पुस्तकात ते नाही. ते प्रकरण लिहिताना मला तुझी फार माया आली होती. ते मी बदललेलं नाही, त्या रविवारनंतरही नाही.

उत्तर पाठवलंस तर वाचीन. नाही पाठवलंस तरी पुस्तक येईल.

तुझी सख्खी बहीण