काचेवरचा कागद

सोमवार, ३ जुलै

आज सकाळी नव्या नोकरीतलं पहिलं काम केलं ते एक कागद चिकटवायचं. देवाचं नाव घेतलं, जिना चढलो आणि हेडक्लार्कनी दिलेलं पोस्टर दुसऱ्या मजल्यावर विभागप्रमुखांच्या दाराला लावलं. दाराच्या मधोमध एक काच आहे, तिच्यावर ते बेतल्यासारखं बसलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की कोणी त्रास देत असेल तर गप्प बसू नका, आणि खाली तक्रार समितीचा फोन नंबर. वाचून बरं वाटलं. ज्या कॉलेजात पोरींची एवढी काळजी घेतात, तिथेच माझी भाची शिकणार आहे.

काम माझ्या हातचं आहे. बाकं, बिजागऱ्या, कड्या, गळके नळ. फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हा वाटलं होतं, पन्नाशीला आलेल्या सुताराला आता कोण विचारणार? पण देवाने सोय केली. मागच्या फाटकाजवळ दोन खोल्याही मिळाल्या आणि भाचीची फी माफ झाली.

ताईने निघताना भाचीचा हात माझ्या हातात दिला. म्हणाली, हिला सांभाळ आणि हिच्या तोंडापासून तुझे कान सांभाळ. खरं आहे. पोरीला घरात सगळे बडबडीच म्हणतात. रस्ताभर बोलत होती, झोपेतही बोलली. लहानपणी फाटकात सापडून तिच्या उजव्या करंगळीचं एक पेर गेलं, त्याचीही ती थट्टा करते. म्हणते, मामा, माझी नखं रंगवायला खर्च कमी. आज नव्या खोलीच्या भिंतींना सुद्धा नावं ठेवून झाली. मी हसत हसत झोपायला चाललोय.

शुक्रवार, ७ जुलै

पोस्टर सकाळी खाली पडलेलं होतं. उचलून लावायला गेलो तर काचेवर हाताचा पंजा उमटलेला. फडक्याने पुसला, जाईना. मग कळलं की तो आतल्या बाजूने आहे.

दार वाजवलं. सर आधीच येऊन बसले होते. रोज कॉलेज भरण्याआधी तासभर येतात. माणूस फार गोड. मला काका म्हणाले, खुर्ची दिली, चहा झाला का विचारलं. खोली एसीने गार पडलेली, खाली जाड गालिचा. मी आतून काच पुसली. पोस्टरचं विचारलं तर म्हणाले, असू द्या काका, कॉम्प्युटरवर उजेड येतो. शिवाय मुलींनी वाचायला नको का?

मग भाचीचं निघालं. प्रवेशाच्या वेळी तिची उत्तरं त्यांना आवडली होती. पहिल्या वर्षाच्या मुलीला सहसा घेत नाही, पण हिला सकाळच्या प्रोजेक्टला पाठवा, म्हणाले. मी उभा राहून हात जोडले. घरी येऊन मीच तिला सांगितलं. ती उडीच मारायची बाकी राहिली.

गुरुवार, १३ जुलै

ते पोस्टर काही राहत नाही. खळ बदलली, चिकटपट्टी लावली, चारी कडांना लाकडी पट्ट्या ठोकल्या. सकाळी खालीच. पट्ट्या जागेवर, खिळे जागेवर, कागद तेवढा निसटलेला. हेडक्लार्क सगळ्यांसमोर म्हणाले, काय सुतारबुवा, एवढाली दारं घडवता आणि एक कागद चिकटत नाही होय? सगळे हसले, मीही हसलो.

पंजे मात्र वाढलेत. शुक्रवारी एक होता, आज चार. नीट पाहिलं. कुठला लांब बोटांचा, कुठला अगदी लहान. एका माणसाचे नव्हेत.

झाडणाऱ्या मावशी त्या दारापर्यंत झाडत येतात आणि तिथून उलट फिरतात. पुढचा तुकडा मीच झाडतो.

भाचीचं प्रोजेक्ट सुरू झालंय. माझ्या आधी उठून जाते. आज जेवताना विचारलं, सर कसे आहेत? बरे आहेत, म्हणाली. एवढंच. अभ्यासाने दमली असेल.

मंगळवार, १८ जुलै

हे लिहावं की नाही, कळत नाही.

सकाळी कागद लावत होतो. मधोमध फुगा आला. वाटलं, खळ कमी पडली. फडक्याने दाबला. तो पुन्हा वर आला. मागे काच आहे, काचेतून कागद वर रेटायला काय येणार? तळवा टेकवला तर तिथे ऊब होती. कागदाखालून कोणीतरी माझ्या हाताला हात लावला. पाचही बोटं लागली.

मोठ्याने देवाचं नाव घेत दोन्ही हातांनी तो कागद दाबून धरला. खालून रेटा येत होता. आतून दोनदा धप धप झालं. एसी खडखडला असेल, म्हटलं. मी दाबतच राहिलो. मग सगळं थंड पडलं.

कागद एकदम सपाट बसला. इतका नीट आजवर बसला नव्हता.

बुधवार, १९ जुलै

मावशींना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या बादली ठेवून पायरीवर बसल्या.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने त्या सरांची तक्रार केली होती. समिती बसली. तिला तेच ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, शेवटी सरांना समोर बसवून. बाहेर आली तेव्हा तिला नीट चालता येत नव्हतं, असं मावशी म्हणाल्या. मग निकाल लागला. सरांच्या दाराला काच बसवावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं दिसेल. काच बसली. आठवडा झाला नाही तोच सरांनी समितीचं पोस्टर मागून घेतलं आणि त्या काचेवर लावलं. आता ते काढा म्हणणार कोण? समितीचंच पोस्टर.

मी विचारलं, ती मुलगी गेली का? मावशी चिडल्या. कशाला मरेल ती? चांगली जिवंत आहे, चौकातल्या दुकानात बिलं करते. पण अर्धी अजून त्या खोलीतच आहे हो. आणि ती एकटी नाही.

संध्याकाळी भाचीला म्हटलं, उद्यापासून सकाळी जाऊ नकोस. का, असंही तिने विचारलं नाही. नुसती मान हलवली. बडबडीने.

गुरुवार, २० जुलै

पोस्टर पडलेलं. काच पंजांनी भरलेली. एकात एक, खांद्याच्या उंचीपासून खाली घसरत गेलेले.

मध्ये एक ताजा. उजवा हात. करंगळी एका पेराने आखूड.

आतल्या बाजूने.

मंगळवारी मी— दोन्ही हातांनी— तो रेटा—

देवा.

शुक्रवार, २१ जुलै

ती बोलली. स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून. काय घडलं ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

एवढंच लिहितो. ती दारापर्यंत पोचली होती. कडी लागलेली होती. काचेवर हात मारले. पलीकडे सावली दिसली आणि तिने मला ओळखलं. म्हणाली, मामा, तू देवाचं नाव घेत होतास, तुझा आवाज ऐकू येत होता. मग कागद घट्ट बसला आणि अंधार झाला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. उलट मलाच विचारते, तुला दिसलंच नसेल ना रे?

शनिवार, २२ जुलै

तिला विचारलं, तुला काय हवंय? म्हणाली, सांगेन. एकदाच सांगेन. तो समोर नको. आणि मी एकटी नको.

समितीच्या बाईंकडे गेलो. वाईट नाहीत त्या. पण नजर टेबलावरच. म्हणाल्या, समोरासमोर बसवायची पद्धत आहे. मी म्हटलं, नाही बसणार ती. म्हणाल्या, मागच्या वेळी काच बसवली ना आम्ही, आता आणखी काय करायचं? मी म्हटलं, बाई, एकदा वर येऊन त्या काचेतून बघा.

बाहेर हेडक्लार्कनी खांद्यावर हात ठेवला. सुतारबुवा, नोकरी नवी, पोरगी कोवळी, जरा विचार करा. आणि सोमवारी पोस्टर विसरू नका.

घरी आलो. देवापुढे बसलो. तोंडातून नाव निघेना. तेच नाव तिने आतून ऐकलंय.

रविवार, २३ जुलै

ताईला फोन केला. भाचीनेच सांगितलं, मी शेजारी बसून होतो. ताई रडली नाही. पहिल्या गाडीने निघते, म्हणाली.

पेटीतून पेचकस काढला. तेल दिलं.

सोमवार, २४ जुलै

दार काढलं.

भर सकाळी, सगळ्यांदेखत. पोस्टर आधी सोललं. मग एकेक बिजागरी. शेवटचा स्क्रू गंजलेला, हात सोलवटला. सर आत खुर्चीत. आधी काका काका, मग आरडाओरडा, मग फोन. मी बोललो नाही. तोंडात स्क्रू होते.

दार एकट्याला पेलेना. मागून कोणीतरी उचललं. मावशी. रोज त्या दारावरून उलट फिरणाऱ्या.

खाली आणलं. समितीच्या खोलीसमोर, उन्हात उभं केलं. पंजे आणखी उठून दिसतात—

पोरी जमल्यात. एकीने हळूच एका ठशाला हात लावला. तंतोतंत बसला. ती तशीच उभी. मग दुसरी. शेवटच्या वर्षाची तिसरी. मग एक, अंगात दुकानाचा डगला, मावशींनी बोलावलेली. तिने सर्वांत खालच्या ठशावर हात ठेवला. गुडघ्यावर बसावं लागलं तिला—

समितीच्या बाई त्यांच्या खोलीच्या दारात आल्यात. आता बघतायत. काचेतून, पलीकडे, त्या हातांकडे.

हेडक्लार्क दोन माणसं घेऊन येतायत. दार कॉलेजचं आहे म्हणे. मी दाराला पाठ लावून बसलोय. वही मांडीवर. उठणार नाही. हे पुन्हा चौकटीत जायचं नाही.

एक ठसा रिकामा आहे. आखूड करंगळीचा. तिला सांगून आलोय, यायलाच हवं असं नाही—

पाठीमागे काच उबदार. आज दाबत नाही. आज—

फाटकाकडून चपलांचा आवाज. ताई आणि— हो, तीच. लांबूनच बोलायला लागलीय. मोठ्याने. वाट बघत नाही, कोणी विचारायची. बोलतच येतेय, बोलतच—