अस्तरातलं नाव

प्रिय टाचणी,

परवा फोनवर मी गप्प बसलो, त्याचा अर्थ मला पटलं असा घेऊ नकोस. फोनवर मला सुचत नाही, आणि तुझ्यापुढे तर कोणाचंच काही चालत नाही. म्हणून हे पत्र. आई म्हणते, लेक रागावेल. रागावू दे, राग तुझ्या नाकावर असतोच.

तंत्र विद्यापीठ तुला मानद सदस्य करतंय आणि तू नको म्हणतेस. जिन्यावर न अडखळणारा तो कृत्रिम गुडघा तू आणि तुझ्या चष्मेवाल्या मैत्रिणीने मिळून केला. ती गेली, आणि हा मान फक्त हयात माणसाला देतात. एकटीच्या नावावर नको, असं तू म्हणालीस. तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण या विद्यापीठाचे समारंभाचे झगे मी तुझ्या जन्माआधीपासून शिवतोय, तेव्हा थोडं माझंही ऐक.

मानद सदस्य माप द्यायला येतात, आधी हवापाण्याचं बोलतात, मग पोट आत घेतात. नदीवरचा लांब पूल बांधणारे इंजिनिअर आले होते. मोजणीचं यंत्र वाहून वाहून उजवा खांदा पार उतरलेला. निघताना खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, आत कुठे एक नाव घालता येईल का?" पुलाचं काम चालू असताना नदीत बुडून गेलेल्या त्यांच्या सहकाऱ्याचं नाव होतं. डाव्या बाजूला, अस्तरावर, झग्याच्याच रंगाच्या दोऱ्याने मी ते घातलं. त्यांनी कुठेतरी बोलून दाखवलं असणार, कारण पुढचे सगळेच विचारू लागले. पाणी गाळायचं स्वस्त यंत्र काढणाऱ्या बाईंनी प्रयोगशाळेतल्या तिघींची नावं दिली, वर खिसेही मागितले. भूकंपात न पडणाऱ्या भिंतींचे प्राध्यापक इतकी नावं घेऊन आले की मी म्हटलं, साहेब, हा झगा आहे, मतदार यादी नव्हे. व्यासपीठावर एकट्याने उभा राहिलेला मानद सदस्य मी अजून पाहिलेला नाही. कुलगुरूंना यातलं काहीच ठाऊक नाही.

तुझी मैत्रीण आपल्याकडे अभ्यासाला यायची, माझ्या कापडाच्या कातरीने कागद कापायची आणि बोलणी खायची. आता त्या कातरीला कोणी हात लावत नाही, तेही मला बरं वाटत नाही. फार आठवण येते तिची.

आता खरं सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलंय. निळ्यावरचा निळा टाका मला दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो. हा माझा शेवटचा झगा. दुसऱ्या कोणाचा असता तर परत पाठवला असता. तू विद्यापीठाला अजून नकार कळवलेला नाहीस, असं आईकडून कळलं, म्हणून तुला न विचारता अस्तर शिवून टाकलं. तिचं नाव घालून झालंय. एक अक्षर जरा वाकडं आलंय, ती हसली असती. वरच्या कापडाला मात्र कातर लावलेली नाही. तुझं माप माझ्याकडे आहे ते कॉलेजातलं, आता कामाचं नाही. माप द्यायला ये.

तुझाच,
शिंपी आणि बाबा