टोपीच्या आतली रेघ

११ एप्रिल १९९६, गुरुवार

इंदापूरहून येताना आज एक पोरगी मरायची राहिली. सणसरच्या अलीकडं. डाव्या कडेनं सायकलवर चालली होती, पाठीला दप्तर. मला लांबून दिसली. ह्यांनाही दिसणारच असं धरून मी गप्प. गाडी सरळ तिच्या अंगावर. मी बोंबलले तेव्हा ब्रेक. हँडल घासलं, पोरगी कडंच्या चारीत. तळहात सोलले, गुडघा फुटला. रडत रडत सायकलच बघत होती, बाप मारंल म्हणून.

हे उतरून तिलाच, "कुठनं आलीस गं मधीच?"

मधीच नव्हती. डोळ्यापुढं होती. माझ्या.

बारामती येईपर्यंत बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर हातही उचलला असता.

१२ एप्रिल

डॉक्टरनं जानेवारीतच सांगितलंय. काचबिंदू. समोरचं दिसतं, कडंचं गेलं. गेलेलं येत नाही, थेंब घातले तर उरलेलं टिकंल. गाडी बंद करा. त्याच्या मशीनमधी ठिपके लागायचे, दिसला की बटण दाबायचं. ह्यांनी निम्म्याला दाबलंच नाही. बाहेर येऊन मला म्हणतात, "मशीन बिघडलंय त्याचं. अर्थिंग न्हाय."

जन्मभर सरकारी जीप चालवली. त्यामुळं बिघडतं ते मशीन. माणूस नाही.

आज परत विषय काढला तर पेपर हातभर लांब धरून बारक्या जाहिराती धडाधडा वाचल्या, त्या पण चष्म्याबिगर. "घे, तू वाच. चवथी पास."

सुनीची, म्हणजे पोरीची, बदली इथं झाली. जूनपासून ती आणि तिची मनू आमच्यातच. मनू पहिलीला. तिला रोज गाडीनं सोडायचं ह्यांनी कबूल केलंय. एमआयडीसीच्या रस्त्यानं. कारखान्यांची पाळी सुटायची आणि शाळा भरायची वेळ एकच. मोटारसायकली दोन्हीकडनं टोळासारख्या. मनू बसणार पुढं, डावीकडं.

१४ एप्रिल, रविवार. जयंती

मिरवणुकीच्या पुढं आमची फियाट ठरलेली. टपावर फोटो, निळे झेंडे. ह्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. मी मनात म्हटलं, दोन्ही कडंला लेझीमच्या पोरी, बारकी पोरं, आणि मधी हा समोरचं तेवढं दिसणारा ड्रायव्हर.

मग आठवलं. नोकरीत असताना ह्यांनीच सांगितलेलं, खोकला येईपर्यंत हसून. एका ड्रायव्हरनं दुसऱ्याच्या जीपमधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आत शिसपेन्सिलीनं रेघ ओढली, टोपी परत बसवली. ठिणगी प्लगकडं जायची ती रेघेवरनं पळून जाते. गाडी काय लागत नाही. साहेब उन्हात उभा, ड्रायव्हरला शिव्या.

हे आंघोळीला गेले तेव्हा बॉनेट उघडलं. टोपीला दोन क्लिपा, अंगठ्यानं निघतात. रेघ ओढली. ह्याच पेन्सिलीनं.

खर्र खर्र खर्र. पोरांनी ढकलली. पाटावरच्या पुलापर्यंत ढकलली. मग कुणीतरी ट्रॅक्टर आणला, फोटो उतरवून ट्रॅक्टरवर ठेवला, मिरवणूक गेली. हे गाडीपाशी एकटे. पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. एक पोरगं जाता जाता, "तात्या, गाडीवाल्याला दाखवा की कुणा."

नुसत्या आवाजावरनं गाडीचं दुखणं सांगणारा माणूस.

मी बघत होते. बरं वाटलं. लई बरं वाटलं.

१५ एप्रिल

ह्यांनी फडकं घेऊन सगळं पुसलं, टोपी पण. पहिल्या चावीला चालू. "दमट झालं होतं गं." एप्रिलात दमट. दिवसभर शीळ घालत होते.

रेघ पुसली जाते. दाबून ओढायला पाहिजे, टोपीतल्या मधल्या कोळशापासनं पार काठापर्यंत.

२८ एप्रिल, रविवार

रविवारी ओट्यावर दरबार. ज्यानं कुणी जुनी गाडी घेतली तो तात्यांना विचारायला. चहा मी करायचा. आज शेजारचा गोरख, कोंबडीखाद्याचं दुकान त्याचं, व्हॅन घेतलीय, आणि अजून चौघं. हे रंगात.

"रेडिएटर तापला तर झाकणाला हात लावायचा न्हाय. गार पाणी तर वतायचंच न्हाय, हेडला तडा जातो. थांबा, बिडी वडा, मग बघा. क्लचवर पाय ठिवून बसू नका, ते काय पायपुसणं न्हाय. बॅटरीत नळाचं पाणी घालणाऱ्यानं बैलगाडी घ्यावी. आन् उतारावर इंजन बंद करून पेट्रोल वाचवणारा दिसला तर मला सांगा, घरी जाऊन हाणतो."

खरं आहे सगळं. मी गेली तीस वर्षं ऐकते, पाठ आहे.

मग गोरखला आमच्या इंजनाचा आवाज ऐकवायला उठले. गाडी कशी हळू आवाजात उभी राहिली पाहिजे ते. चावी फिरवली. खर्र खर्र.

गोरख म्हणाला, "तात्या, तुमची तुमचंच ऐकंना व्हय?"

सगळे हसले. मी पण कपबशा उचलत हसले. ह्यांनी माझं हसणं ऐकलं.

९ मे

पोत्यावर सगळी गाडी मांडलीय. प्लग नवे, पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, कॉइल नवी. टोपी हातात घेऊन उन्हाला धरली, आत बघितलं. मी दाराशी. काळ्यावर काळी रेघ, दिसली नाही. ठेवून दिली.

मी म्हटलं, "द्या, मी पुसते ती."

"ठिव. तुला काय कळतंय त्यातलं."

ठेवली.

संध्याकाळी स्वतःच पुसली, गाडी लागली. कॉइलच खराब होती म्हणाले. मला पंपापर्यंत बसवून नेलं. येताना उजवीकडनं म्हैस आली, मी ओरडले. "दिसली, दिसली," म्हणे. म्हशीचं शेपूट आरशाला लागलं.

१० मे

सकाळी परत ओढली.

१९ मे, रविवार

सुनी आलीय चार दिवस, मनूला घेऊन. तिला सणसरचं सांगितलं. म्हणते, "आई, तू त्यांच्या मागंच लागलेली असतीस. रिटायर झाल्यापास्नं एक गाडी तेवढी हाय त्यांना. ती तरी राहू दे की."

मी म्हटलं थांब. जेवायला बसवलं. ताटात लसणाची चटणी वाढली, डाव्या काठाला, चांगली लिंबाएवढी. हे अर्धी भाकरी खाऊन म्हणतात, "आज चटणी न्हाय केली?"

सुनीनं बघितलं. तिचा घास थांबला. मग मनूच म्हणाली, "आजोबा, ती काय! आंधळी कोशिंबीर खेळताय?" ह्यांनी मान वळवली. "हां. ध्यान नव्हतं."

भांडी घासताना सुनी, "ध्यानच नसंल गं त्यांचं."

तिला ऑफिस गाठायचंय, पोरीला सोडायला माणूस पाहिजे. तिला पण बघायचं नाही ते दिसत नाही.

२ जून, रविवार

ओट्यावर कुणी नाही. गोरखच्या व्हॅनचा सायलेन्सर फाटलाय, सगळ्या गल्लीला ऐकू येतोय, पण गेला दुसऱ्याकडं. जाताना हॉर्न तेवढा वाजवला.

गेला महिनाभर रोज बिघडती, रोज दुरुस्त होती. काल पंपावर जाऊन भांडून आले, पेट्रोलमधी रॉकेल घालता म्हणून. त्या लोकांनी हाताला धरून बाहेर काढलं.

आज चहा घेताना, "हिरे, माझं डोस्कं चालंना झालंय का गं?"

मी म्हटलं, "व्हय."

डोळे म्हटलं तर ऐकत नाही. मग डोकं तर डोकं.

जेवले नाहीत. पण दुपारी मी थेंबाची बाटली घेऊन गेले तर गुमान मान वर केली. पहिल्यांदा. पोरासारखी. वर बघत पडून राहिले, थेंब कानात ओघळला तरी पुसला नाही.

६ जून

आज पेन्सिल घेऊन गेले आणि परत आले. मग परत गेले.

सांगून टाकावं का. पण सांगितलं तर पहिलं कळणार काय, तर गाडी चांगली होती. गाडी चांगली म्हणजे मी पण चांगला. चावी घेऊन निघतीलच मनूला घेऊन. ते खरं सांगणं काय कामाचं.

११ जून

गोरख आला. उभाच राहिला. "तात्या, राग धरू नका. मिस्त्रीला सापडंना, तुमाला सापडंना, मग ह्यो बिघाड न्हवंच. कुणीतरी बघितलंय गाडीकडं. शनवारी लिंबू-मिरची बांधा. आमच्या व्हॅनला हाय की."

मी आतून वाट बघत होते, आता शिव्या ऐकायला मिळतात म्हणून. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नेऊन नीरेत सोडले. हे तर ऑफिसात दुसऱ्यांच्या जीपची लिंबं तोडून सगळ्यांना सरबत पाजायचे. वर म्हणायचे, लिंबानं गाडी चालली असती तर सरकारनं ड्रायव्हर कशाला ठेवले असते.

आज नुसतं ऐकून घेतलं. गोरख गेला. बराच वेळ त्याच्या मागं बघत होते.

१५ जून, शनिवार

सकाळी बाजारात जाऊन आले. पिशवी मला दिली नाही.

मी पेन्सिल घेऊन मागच्या दारानं गाडीकडं गेले तर हे आधीच तिथं. उकिडवे बसलेले, बंपरच्या आत हात. रस्त्यावरनं दिसू नये अशी आतल्या बाजूला बांधत होते. लिंबू, सात मिरच्या, बिब्बा. गाठ बसंना. मी डावीकडं हातभर अंतरावर उभी. दिसले नाही मी. हाक मारली असती तर दिसले असते.

गाठ बसल्यावर हात जोडले नाहीत. पण कुठं ठेवावेत ते कळंना तसे छातीपाशी राहिले.

मग सवयीनं टोपी काढली, फडक्यानं पुसली, बसवली. चावी. पहिल्या झटक्याला चालू.

मला वाटलं खूश होतील. इंजन बंद केलं. स्टेअरिंग धरून तसेच बसले. घरात आले ते भिंतीवरच्या फोटोकडं पाठ करून खुर्ची ओढली.

"लागली गं," म्हणाले. मयताला जाऊन आल्यागत.

एवढं करायचं नव्हतं मला. गाडी काढून घ्यायची होती फक्त.

१६ जून, रविवार

सुनी आणि मनू आल्या सामान घेऊन. मनू काय बसते का एका जागी, गाडीखाली शिरली. "आजोबा, हितं मिरच्या टांगल्यात! ह्या कशाला?"

हे म्हणाले, "आजीनं बांधल्यात."

सुनी माझ्याकडं बघायला लागली. "आई? आपल्या घरात? माझ्या आजोबांनी देव नदीत सोडले आणि तू..."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे चपलेकडं बघत होते.

"बांधल्या," म्हटलं मी. "काय म्हणणं हाय?"

सुनी दिवसभर बोलली नाही माझ्याशी. तिच्यापुढं मीच ती, बापाला डिवचणारी आणि वर लिंबं बांधणारी.

जेवताना हे मनूला शिकवत होते. पुढं बसायचं तर दार आपण लावायचं नाही, आजोबा लावणार. काचेतनं हात बाहेर काढायचा नाही. ड्रायव्हरशी बोलायचं नाही. ती म्हणाली, मग बोलायचं कुणाशी. म्हणाले, लिंबाशी. हसले. एप्रिलापासनं पहिल्यांदा हसले.

उद्या रेघ ओढली तर लिंबू खोटं ठरंल. मग काय बांधतील. कोंबडं कापायला निघतील, नाहीतर कुणा देवऋष्याच्या दारात बसतील, आणि तिथं मीच नेऊन बसवलेलं असंल. नाही ओढली तर लिंबू खरं. रोज खरं. आणि मनू डावीकडं.

रात्री सुनीला परत सांगितलं, मनूला रिक्षानं पाठव. "तू नको बोलूस," म्हणाली.

१७ जून, सोमवार

हे मोरीत. पाणी वाजतंय. पांढरा शर्ट काढून ठेवलाय, जयंतीचाच. इस्त्री मलाच करायला लावली.

मनू बूट घालून पायरीवर. नवीन दप्तर पाठीला, तिच्यापेक्षा मोठं. मघाशी तिला उभं केलं अंगणात, ह्यांच्या डाव्या अंगाला, आणि गप्प राहा म्हटलं. हे दात घासत होते. राहिली गप्प, जीभ काढून. मग कंटाळून "भ्वॉक" केलं. हे केवढे दचकले. ती हसून हसून खाली बसली. मी नाही हसले.

लिंबू वाळायला लागलंय. गोरख म्हणतो दर शनिवारी नवीन बांधावं लागतं.

चावी खुंटीला. बॉनेट गार आहे, हात लावून आले.

पाणी थांबलं.

मनू हाका मारते, आजी, डबा. येते म्हटलं. पेन्सिल हातातच आहे.