सुपाच्या माळावरची बुजलेली विहीर

मी, धोंडूबाई देवजी हरड, वय सुमारे सत्तर, धंदा शेती व गवतकापणी, राहणार किन्हवलीच्या पुढचा आमचा पाडा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, माझ्यामागे भांडण होऊ नये म्हणून आज हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत आणि एका डोळ्याने दिसत नाही, पण डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. मला लिहिता येत नाही, म्हणून मी सांगत गेले आणि वकिलांचा कारकून लिहीत गेला. एकदोनदा तो म्हणाला, "आजी, हे असलं मृत्युपत्रात घालत नाहीत." मी म्हटले, "तू घाल."

१. माझे पती देवजी वारले आहेत. आम्हाला दोन मुलगे. थोरला हरेश वाशिंदला कारखान्यात आहे आणि तिथेच घर बांधून राहतो. धाकटा सुदाम सन १९९७ च्या मे महिन्यात विहिरीत गाडला जाऊन मेला. त्याची बायको रुपा आणि मुलगी दिपिका माझ्याजवळ राहतात. दिपिका तेव्हा पोटात होती.

२. डोंगरातून आमचा ओहळ जिथे खाली उतरतो, तिथे त्याने वर्षानुवर्षे आणून टाकलेल्या गाळगोट्यांचा सुपासारखा पसरट माळ झाला आहे. ही वरकस, म्हणजे गवताचीच हलकी जमीन माझ्या वडिलांनी मला दिली, सातबारा माझ्या एकटीच्या नावावर आहे, हरड घराण्याचा तिच्यावर हक्क नाही. तिचा गुण इथे लिहिला पाहिजे. वर वीतभर राखाडी माती, तिच्यात तांदळाच्या कणीएवढे पांढरे खडे. खाली हे खडे मोठे होत जातात आणि मग एकमेकांना चिकटून चुन्याचा पांढरा थर होतो. त्याच्यावर पहार मारली तर उलटी अंगावर येते. त्या थराखाली मात्र नुसते गोटे आणि वाळू, एकाचा एकाला धर नाही. इथे भात लावला तर रोप पांढरे पडते आणि आंबा पिवळा पडून मरतो. गवत तेवढे उत्तम. आखूड येते, पण आमच्या गुरांना दुसरीकडचे नको असते.

३. विहिरीची हकीकत अशी. सुदामला मिरची-वांगी करायची होती. तो शेतकी खात्याच्या माणसाला घेऊन आला. त्याने बाटलीतले औषध मातीवर ओतले तर माती फसफसली. तो म्हणाला, "चुनखडीची जमीन आहे. पाणी लागेल, पण थर फोडलात की पुढे हात घालू नका. आधी बांधकाम करा. खालचं सगळं सुटं आहे." सुदामने ते ऐकले. थंडीभर ओहळातून दगड काढून त्याने स्वतः घडवले आणि विहिरीच्या काठाला रचून ठेवले.

ते दगड हरेशने नेले. त्याच्या घराच्या जोत्याला कमी पडत होते आणि गवंडी खोळंबला होता. ट्रक घेऊन आला आणि म्हणाला, "आठवड्यात दुसरे आणून टाकतो रे." आणले नाहीत. सुदाम वाशिंदला जाऊन विचारून आला. मी विचारले, "काय म्हणला?" तो म्हणाला, "दादा बोलतो, थर फत्तरावानी हाय, त्याला कशाला पायजे बांधकाम? पावसाळ्यानंतर बघू."

थर फुटला आणि पाणी लागले. गोड पाणी. आम्ही सगळे ओंजळीने प्यालो. रुपा हसत होती. रात्रभर पाण्याबरोबर खालची वाळू विहिरीत येत राहिली आणि थर खालून पोकळ झाला, हे वरून कोणाला दिसले नाही. सकाळी मी सुदामला म्हटले, "आता थांब. दगड येऊ दे." तो म्हणाला, "आये, एवढा गाळ काढला की थांबतो." तो आणि ठाकरवाडीचा चांगो खोडका खाली उतरले. चांगो आमच्याकडे गवताला यायचा, सुदामच्याच वयाचा. मी काठावर होते. थर तुटला तेव्हा मोठा आवाजसुद्धा झाला नाही. पांढरी धूळ वर आली आणि खाली कोणी दिसेना.

सुदामला दुसऱ्या दिवशी काढला. चांगो सापडला नाही. जेवढे उपसावे तेवढे चारी बाजूंनी गोटे आत येत. मग पाऊस लागला, ओहळ आला आणि विहीर बुजली. चांगो अजून तिथेच आहे.

४. माझ्या जमिनीतला काहीही भाग हरेशला देऊ नये. तो वाईट नाही. त्या दोन दिवसांत त्याने हाताने गोटे उपसले, त्याच्या बोटांची सालटी गेली होती, हे मी नाकारत नाही. पण नंतर तो नेहमी म्हणाला, "नशीब." दगडांचे नाव त्याने कधी काढले नाही. मी वाट पाहिली. गेल्या दिवाळीत तो मुंबईचा एक माणूस घेऊन आला. त्याला माळावर बंगला आणि पोहायचा तलाव पाहिजे. हरेश बुजलेल्या विहिरीच्या खळग्याकडे बोट करून मला म्हणाला, "आये, खोल जायला नको. आयता खड्डा हाय."

त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढले नाही. तो तसाच गेला.

त्याच्या जोत्यात घातलेले सुदामचे दगड मी हरेशलाच देते. ते कोणी परत मागू नयेत.

५. बुजलेल्या विहिरीची जागा सोडून बाकी सर्व माळ, राहत्या घरातला माझा हिस्सा, दोन्ही गाई आणि म्हैस हे सर्व रुपाला द्यावे. हरेशने तिला माहेरी पाठवायचे दोनदा काढले. तिने दुसरे लग्न केले तरी हे तिचेच राहील. करावे, असे माझे सांगणे आहे. मी तिला तोंडाने सांगू शकले नाही, म्हणून इथे सांगते. माळावर गवतच ठेवावे, नांगर घालू नये.

६. माझी चांदीची वाकी दिपिकाला. तांब्याचा हंडा हरेशच्या बायकोला, दर्शनाला. माझ्या आजारपणात ती नवऱ्याला न सांगता येऊन माझे करून जात असे. विळे ज्याला लागतील त्याने न्यावेत, धार चांगली आहे.

७. बुजलेली विहीर आणि तिच्या भोवतीची, दगड लावून आखलेली जागा मी चांगोची बायको बारकी खोडका हिला देते. नकाशा सोबत जोडला आहे. ही जागा कोणी उकरू नये, विकू नये, तिच्यावर बांधू नये. बारकीला तिथे येण्याजाण्याला माळावरून वाट राहील आणि ती रुपाने किंवा पुढच्या कोणी अडवू नये. या सर्वाची अंमलबजावणी माझा भाचा नथू गोविंद विशे याने करावी.

हे सांगायला मी ठाकरवाडीत गेले होते. बारकीच्या कपाळाला अजून कुंकू आहे. मयत पाहिले नाही, तर पुसू कशी, असे ती म्हणते. मी जमिनीचे बोलले. ती बराच वेळ चूल सारवत राहिली. मग म्हणाली, "बाय, मना जमीन नको. माझा माणूस काढून दे."

तेवढे माझ्याने देववत नाही, म्हणून जमीन देते.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. खालील दोघांच्या समक्ष मी अंगठा केला आणि माझ्या समक्ष त्यांनी सह्या केल्या.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : धोंडूबाई देवजी हरड

साक्षीदार :
१. धर्मा बाळू पष्टे, राहणार किन्हवली (सही)
२. काशिनाथ राघो फर्डे, राहणार आटगाव (सही)

ठिकाण : शहापूर
दिनांक : १९ फेब्रुवारी २००४