झुंबरबाईचा टाळ पुढं पळतो

१८ नोव्हेंबर १९९६

दिवाळी उरकली. शेजारच्या नूरबीचा भाऊ महेमूद बंबईहून कायमचा आला. वय चौसष्ट. पांढरे केस मागं रबरानं बांधलेले. सामानात एक ट्रंक, एक गिटार आन् टेबलाएवढा स्पीकर. चाळीस वर्षं मोठ्या हॉटेलात इंग्रजी बँडमध्ये रॉक वाजवलं म्हणे. रॉक म्हणजे काय ते वसंताला विचारलं. माझा लेक कापडाच्या दुकानात आहे, बराबर सांगतो. खडक, म्हणाला. मंग बरोबर आहे. नूरबीशी माझं तीस वर्षांचं आहे, तिचा शीरखुर्मा, माझी पुरणपोळी. माझा राग माणसावर न्हाई, त्या तारेच्या बाजावर आहे.

साक्षरता वर्गाच्या बाईंनी रोज चार ओळी लिहा म्हणून सांगितलंय. ही डायरी बियाण्याच्या कंपनीची, पानाखाली छापलंय, मावा दिसताच फवारणी करा.

१९ नोव्हेंबर, पहाटे साडेपाच

सुरू झाला. एकच ओळ खाली-वर, खाली-वर. शंभर येळा मोजली, मंग मोजायचं सोडलं. एवढी चाळीस वर्षं वाजवून हा आजून शिकून राह्यला! मी चाळीस वर्षं टाळ वाजवते, एक दिवस प्रॅक्टिस केली न्हाई. अंगात असावं लागतं.

आठ दिवसांत गिटार बंद करते. लिहून ठेवलं.

२० नोव्हेंबर

नूरबीकडं भांडायला गेले. तिनं चहा टाकला. चहा गरम होता म्हणून बसावं लागलं. तो आतल्या खोलीत वाजवत होता, जरा हळू, जरा दुःखाचं. दूधवाला सायकल धरून दारात उभा, दूध मापायचं इसरला. मी एक तास बसले, कारण चहा फारच गरम होता. भांडायचं राहून गेलं. उद्या.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या घरी भजन. रेणुका महिला भजनी मंडळ माझ्या सासूबाईंनी काढलं. म्हणायला झुंबरबाई, पेटीवर पुष्पाबाई, टाळावर पहिली मी. बाकीच्या आठजणी माझ्या टाळाकडं बघून वाजवतात. टाळ नेईल तिकडं मंडळ जातं. दत्तजयंतीच्या स्पर्धेला अकरा वर्षं जातो, नंबर आला न्हाई. परीक्षकांना कान नसतात. या साली बावीस डिसेंबरला स्पर्धा. या साली पहिला नंबर आणीन, न्हाईतर टाळ खाली ठेवीन. सगळ्यांसमोर बोलले. झुंबरबाई हसली. सोनूबाई, आज अभंग जरा दमानं घ्या, आपली काही एस.टी. सुटून राह्यली न्हाई, म्हणाली. तिचा श्वास पुरत न्हाई हल्ली. वय झालं.

२३ नोव्हेंबर, पहाटे

उपाय सापडला. तो वाजवायला बसला की मी भिंतीशी खलबत्ता घेऊन बसायचं. आज मिरची कुटली. धडाधड. थोड्या वेळानं बघते तर काय, तो माझ्या कुटण्यावरच वाजवायला लागला! चांगलं जमलं, खोटं कशाला बोलू. पण अर्ध्यातच दमला. भिंतीवरून आवाज देतो, आक्का, जरा आस्ते, जरा आस्ते. माझ्या हाताची बरोबरी झाली न्हाई त्याला. हरला. साडेसहाला वर्षभराचं तिखट तयार. सूनबाई शिंकून शिंकून बेजार.

२६ नोव्हेंबर

आठ दिवस झाले. गिटार चालूच आहे. आठ दिवस म्हणजे काही बरोबर आठच असं न्हाई.

आज त्यानं एक सूर ओढला, ओढला, तुटतो का काय असं वाटलं आन् तुटला न्हाई, वळला. तव्यावरची पोळी जळून कोळसा. दोष त्याचा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पुष्पाबाई लेकीच्या बाळंतपणाला परभणीला गेली. महिना दीड महिना येत न्हाई. पेटी कोण वाजवणार? झुंबरबाई पटकन म्हणाली, महेमूदभाईंना बोलवा. जसं काही मनात ठरवूनच आल्ती. मी म्हणाले, देवाच्या पुढं रॉक? ती म्हणाली, देवाला चालतं, तुम्हाला चालतं का ते बोला. हात वर करा म्हणाली. सगळ्यांनी केले. माझा पण झाला, कारण मी पदर सावरत होते.

तो आला. चप्पल बाहेर काढली, माळ आणली होती फोटोला. स्पीकर न्हाई आणला. ऐकलं, दोन येळा म्हणायला लावलं, आन् मंग तारा अशा धरल्या की झुंबरबाईचा फाटका आवाज पण गोड लागला. तिसऱ्या कडव्याला मात्र त्यानं थांबवलं. कुणीतरी पुढं जाऊन राह्यलंय, म्हणाला. कुणाकडं बघितलं न्हाई. मी झुंबरबाईकडं बघितलं.

२९ नोव्हेंबर

वसंतानं काल टेप केल्तं. आज तीन येळा ऐकलं. खरं आहे! एक टाळ पुढं पळतो आन् सगळं मंडळ मागून धापा टाकत येतं, जसं बाजारातून सुटलेल्या वासरामागं माणसं. अकरा वर्षं नंबर का न्हाई ते आज कळलं. मी म्हणाले, हा झुंबरबाईचा टाळ. सूनबाई म्हणाली, आत्या, झुंबरमावशींच्या हाताला गळू झालंय, त्यांच्या हातात टाळ नव्हताच. मंग मी म्हणाले, टेपचे सेल उतरलेत. वसंता म्हणाला, सेल उतरले तर सगळंच बिघडंल, एकटा टाळ कसा पळंल? या पोराला शिकवलं ते चुकलं.

१ डिसेंबर

झुंबरबाईला काढायचं. स्पर्धेआधी. पुराव्यासह. मंडळातल्या उषाबाईला मनातलं सांगितलं. ती खोकत राह्यली. पाणी दिलं तरी खोकला थांबेना. थंडी सुरू झाली.

४ डिसेंबर

सरळ महेमूदभाईला विचारलं, तुम्ही जाणकार, एकदाचं नाव घ्या. त्यानं कान पकडले. आक्का, मी कुणाचं नाव कसं घेऊ, मशीन सांगंल, म्हणाला. लाकडाचा तिकोनी डबा काढला. त्याला दांडी, दांडीला वजन. चावी दिली की दांडी इकडून तिकडं, टिक, टिक. याच्यावर एकेकीनं वाजवायचं. फर्स्ट क्लास. आता झुंबरबाई सापडते.

५ डिसेंबर, गुरुवार

डबा खराब निघाला. सगळ्या वाजवून गेल्या, डबा बराबर चालला. माझी पाळी आली आन् सुस्त पडला. मी टाळ मारते, तो मागून येतो. महेमूदभाई म्हणाला, पुन्हा. पुन्हा तेच. झुंबरबाईनं पदर तोंडात धरला. गळूचं दुखत असंल. मी म्हणाले, जुनं मशीन आहे, आपण दुरुस्त करून देऊ. तो म्हणाला, हे माझ्या उस्तादाचं आहे, आक्का, पन्नास वर्षांत कधी चुकलं न्हाई. पन्नास वर्षं झाली तर चुकायला लागणारच की.

६ डिसेंबर

तो नमाजाला गेला तेव्हा नूरबीकडून मागून डबा घेतला. गांधीचमन चौकाजवळ तातेराव घड्याळवाल्याकडं रिक्षानं नेला. मांडीवर धरून, बाळासारखा. तातेरावानं भिंग लावून बघितलं. बाई, यात काही बिघाड न्हाई, म्हणाला. मी म्हणाले, सुस्त आहे. त्यानं माझं तोंड बघितलं आन् वजन खाली सरकवलं. टिकटिक जल्दी व्हायला लागली. घरी आणून टाळ धरला. बराबर! माझ्याबरोबर! आनंदानं सूनबाईला हाका मारल्या. ती आली तर अभंग निम्म्यावर आला होता आन् डबा पुन्हा मागं पडला.

तातेराव कारागीर न्हाई राह्यला पहिल्यासारखा.

९ डिसेंबर

डबा परत दिला. महेमूदभाईनं वजन बघितलं, पहिल्या जागेवर नेलं, काही बोलला न्हाई. बोलला असता तर मी बोलले असते. न बोलणारा माणूस फार त्रास देतो.

त्याची बोटं बघितली आज जवळून. डाव्या हाताची टोकं खडबडीत, म्हशीच्या शिंगासारखी. बंबईत नाव होतं म्हणे, लांबून लांबून पोरं बघायला यायची. मंग हॉटेलवाल्यांनी एक कीबोर्ड आणला, त्यात सगळाच बँड निघतो, बटण दाबलं की झालं. सगळ्यांना घरी जा म्हणाले. हे त्यानं असं सांगितलं जसं कुणी पावसापाण्याचं सांगावं. मला राग आला. हॉटेलवाल्यांचा. बटण दाबलं की झालं म्हणे! बोटांना असं करून घ्यायला चाळीस वर्षं लागतात, बटणाला काय लागतं? असो. मला गिटार आवडते असं न्हाई.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज माझा अपमान होता होता मान झाला. झुंबरबाई म्हणाली, सोनूबाई, औंदा टाळ ठेवा, वीणा तुम्ही घ्या. वीणा गळ्यात घालून मधोमध उभं राहायचं, भजन संपेपर्यंत खाली ठेवायची न्हाई, सगळ्या येऊन पाया पडतात. सासूबाई गेल्यापासून वीणा कुणी धरली न्हाई, खुंटीवर होती. इतका मान! डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, मंग टाळ कोण धरील? आठहीजणी एकदम म्हणाल्या, आम्ही बघतो. किती प्रेम आहे.

झुंबरबाईला काढायचं तूर्त थांबवलं.

१६ डिसेंबर

महेमूदभाई स्पर्धेत वाजवणार. कुणीतरी म्हणालं होतं, बाईच्या मंडळात गडी कसा? मीच नियमाचा कागद वाचला, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, एक अक्षर न अडता. साथीला कोणीही चालतं असं लिहिलंय. वाचता येतं त्याचा हा फायदा. मी त्याच्यासाठी न्हाई वाचला, नियमासाठी वाचला.

१९ डिसेंबर, गुरुवार

तालीम. वीणा गळ्यात. जोरात छेडली. महेमूदभाई म्हणाला, आक्का, द्या जरा, सुरात लावून देतो. घरी नेली. रात्री पाठवून दिली, कापडात गुंडाळून. भला माणूस.

२२ डिसेंबर, रात्री

पहिला नंबर!!!

बदनापूर, जाफराबाद, कुठून कुठून मंडळं आल्ती. सोळा मंडळं. परीक्षक उभे राहून म्हणाले, रेणुका मंडळाचा ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत तसूभर हलला न्हाई. तसूभर! माझ्याकडं बघून म्हणाले, कारण मी मधोमध होते. मी वीणा अशी छेडली, अशी छेडली की बोट सोलून निघालं. आवाज मला ऐकू आला न्हाई, पण वाजवणाऱ्याला ऐकू येत न्हाईच, पुढं जातो. गिटारीनं शेवटाला एक सूर वर नेला तेव्हा मांडवातली लेकरं पण गप. महेमूदभाईच्या डोळ्यांत पाणी. झुंबरबाईनं मला मिठी मारली. अकरा वर्षांचा परीक्षकांवरचा राग सोडला. बोलले ते करून दाखवलं.

२३ डिसेंबर

वीणा पुसून खुंटीवर ठेवायला घेतली. बोट लावलं, आवाज न्हाई. ठक ठक. तारांच्या खाली घोडीजवळ मऊ कापडाची घडी घातलेली, हिरवी, महेमूदभाईच्या स्पीकरच्या झाकणाची.

बराच वेळ वीणा मांडीवर घेऊन बसले. सूनबाई जेवायला बोलावून गेली. दोनदा.

मंग टेप लावली, अठ्ठावीस तारखेची न्हाई, आधी वसंतानं केलेली कुठली कुठली. गौरीतली. गेल्या साली हरलो ती. सगळ्यांत तो एकच टाळ. झुंबरबाई त्यातल्या एकीच्या येळी गावाला गेल्ती.

२४ डिसेंबर

घडी घेऊन त्याच्या घरी गेले. भांडायलाच. तो वाजवत होता, तीच ओळ, खाली-वर. मी घडी त्याच्यापुढं टाकली. त्यानं गिटार खाली ठेवली, उभा राह्यला. माफी आक्का, म्हणाला. मी म्हणाले, सगळ्यांना माहीत होतं? तो म्हणाला, सगळ्यांना तुम्ही हव्या होत्या आन् नंबर पण हवा होता. कान तुमचा सच्चा आहे, टेपमधी तुम्हीच पयले पकडलं. हात जल्दी करतो. मी एकोणीस वर्षांचा होतो, माझा पण करायचा. उस्तादानं सहा महिने माझ्या गिटारीत कापड घातलं, भरल्या हॉटेलात. मी वाजवायचो, लोक बघायचे, आवाज न्हाई.

मी विचारलं, मंग?

तो म्हणाला, बसा. टाळ आणला का?

मी कमरेचा काढला. त्यानं घेतला आन् लांब खिडकीत ठेवला. नुसतं चारपर्यंत मोजा, म्हणाला. मी म्हणाले, एवढंच? मोजलं. पुन्हा, म्हणाला. मोजलं. तीनला मी पुढं गेले. पुन्हा.

नूरबीचा चहा गार झाला. दुपार झाली. आजून चार बराबर आला न्हाई. उद्या पहाटे साडेपाचला या म्हणालाय.